मागल्या दारानं यायची खुर्ची

वस्तू निवडून झाली, पैसे देऊन झाले, की मोबाइलवर शेवटचा प्रश्न येतो: माल कसा हवा? घरपोच हवा, की जवळच्या केंद्रावरून उचलणार? लवकर हवा, की फुकट हवा? खोका तुमच्यासमोर उघडून दाखवायचा, की तसाच द्यायचा? इतक्या आदबीनं माझ्या लग्नातही मला कुणी काही विचारलं नव्हतं. पण आता तो प्रश्न नुसता दिसला तरी मी फोन पालथा ठेवते, आणि त्याला कारण एक खुर्ची आहे.

खुर्ची कमोडची. आप्पा, म्हणजे माझे वडील, आता नाहीत म्हणून लिहिते. ते असते तर हे कागदावर आलं नसतं.

आप्पा आणि आई खानापूर तालुक्यात, गुंजीच्या पलीकडे आमच्या गावात राहायचे. थोरला भाऊ, अण्णा, त्याच गावात रस्त्यालगत बांधलेल्या नव्या घरात. मी बेळगावात, एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते. आप्पा परड्यात, म्हणजे घरामागच्या आवारात, पाय घसरून पडले आणि तेव्हापासून त्यांचे गुडघे वाकेनात. संडास परड्याच्या पार टोकाला, आणि तोही उकिडवं बसायचा. आईनं खिडकीच्या गजाला एक दोर बांधून दिला होता. तो धरून ते कसेबसे बसायचे आणि तो धरूनच उठायचे. एकदा दोर हातातून सुटला. त्यानंतर काय झालं ते आईनं मला फोनवर सांगितलं, आणि तेही चिंचेखाली उभी राहून, कारण मोबाइलची रेंज आमच्याकडे त्या चिंचेखालीच यायची.

"संध्याकाळचं जेवत न्हाईत गं. पाणी बी घोटभर पितात. ताट फुडं केलं की म्हणतात, भूक न्हाय."

भूक होती. जेवलं की जावं लागतं, म्हणून ते जेवत नव्हते. एवढा साधा हिशेब. आयुष्यभर सायकलवर जंगलातले चढ चढलेला माणूस संडासला जायच्या भीतीनं उपाशी झोपत होता.

परड्यातल्या संडासात कमोड बसवून घेता आला असता. पण त्यासाठी गवंडी आला, आणि आमच्याकडे गवंडी आला म्हणजे गाव आलं. खानापुरातल्या सर्जिकलच्या दुकानात जावं, तर गल्ल्यावरचा माणूस अण्णाचा वर्गमित्र. बेळगावात घ्यावी, तर खोका बसच्या टपावर टाकताना कंडक्टर विचारणारच, "काय हाय आक्का ह्यात?" आणि मागच्या सीटवर आमच्या गावचं कुणीतरी असणारच. म्हणून ऑनलाइन. तिथे दुकानदाराला तोंड नसतं, हा त्याचा मोठा गुण.

खुर्ची चांगली होती. चार चाकं, दोन हात, निळ्या रेक्झिनची जाड गादी. गादी उचलली की खाली भोक, भोकाखाली सरकवायची झाकणाची पांढरी बादली. गादी जागेवर असली की कुणाच्या बापाला कळू नये.

सुट्टीला गावी गेले तेव्हा आप्पांना मोबाइलवर तिचं चित्र दाखवलं. त्यांनी ते लांब धरून, जवळ धरून पाहिलं. मग म्हणाले, "ह्यात, मागल्या दारानं द्या, असं सांगता येतंय काय?"

हे विचारायला कारण होतं. आप्पा पोस्टमन होते. त्यांच्या टपालात उघडी कार्डं असायची, आणि उघडं कार्ड म्हणजे ज्याला वाचता येतं त्या प्रत्येकाचं. पण कुणाच्या घरी काय आलं हे आप्पांच्या चेहऱ्यावर कधी दिसलं नाही. चांगल्या बातमीला पुढलं दार, बाकी सगळ्याला मागलं, असा त्यांचा शिरस्ता होता. माहेरून सुनेला आलेलं कार्ड ते सासूच्या हातात देत नसत, विहिरीवर गाठून सुनेलाच देत. कोर्टाची नोटीस परड्यातून जायची. गावात आप्पा मागल्या दाराशी दिसले की शेजारी मान वळवून घ्यायचे. ही रीत कुणी कुणाला शिकवली नव्हती, पण सगळे पाळायचे.

"येतंय आप्पा," मी म्हटलं. "सूचना लिहायला जागा आहे."

"मग ल्ही. आनि अण्णाला सांगू नगंस. त्याला सांगितलं म्हंजे गावाला सांगितलं."

मी चिंचेखाली जाऊन लिहिलं: मागील दारानं द्यावे. मग आणखी एक सोय दिसली, गोपनीय पॅकिंग. थोडे जास्त पैसे दिले की खोक्यावर वस्तूचं चित्र छापत नाहीत, फक्त 'चेअर' असा एक शब्द असतो. मी तीही घेतली. घरपोच, मागल्या दारानं, गोपनीय. आत येऊन आप्पांना वाचून दाखवलं, तेव्हा जुन्या खात्यातल्या माणसानं नव्या खात्यातल्या माणसाकडे पाहावं तसं त्यांनी फोनकडे पाहिलं. संपर्कासाठी नंबर मात्र अण्णाचा द्यावा लागला, कारण आणणारा माणूस वाट विचारायला फोन करणार; मी बेळगावात, आईला तो चिंचेखाली जाऊन घ्यावा लागणार, आणि अण्णाच्या घरी रस्त्यालगत रेंज येते. अण्णाला मी एवढंच सांगितलं, आप्पांसाठी खुर्ची मागवली आहे.

आता अण्णाविषयी. माझा भाऊ वाईट माणूस नाही. त्याला फक्त उद्घाटनाचा आजार आहे. आमच्याकडे नव्या वस्तूला नारळ फोडल्याशिवाय हात लावत नाहीत, हे खरं. पण अण्णानं ती रीत कुठल्याकुठे नेली. बोअरला पाणी लागलं, नारळ. बसथांब्याला शेड झाली, नारळ आणि भाषण. जळालेला ट्रान्सफॉर्मर बदलून दिला, तर ट्रान्सफॉर्मरला हार घातला होता, लाइनमन ओरडत असताना. गावात कशाचंही काही झालं तरी अण्णा अध्यक्ष. ज्या गोष्टीला अध्यक्ष लागत नाही तिला तो आधी समिती नेमतो.

खुर्ची निघाल्याचं मला कळलं, मग पुढे काही कळेना. मी अण्णाला फोन केला.

"आली का रे खुर्ची?"

"आली की. दुकानात हाय."

"दुकानात कशी? मी घरपोच सांगितलं होतं."

"व्हय, त्येंचा मेसेज आलता. घरपोच पायजे का केंद्रावरनं उचलताय, असं विचारत हुते. मी केंद्र दाबलं. आगं, गावात केंद्र निघतंय! त्या खताच्या दुकानात. आता बेळगावावर अवलंबून ऱ्हायला नगं. आयतवारी उद्घाटन. साहेब येणार हायत. आनि पयलं पार्सल आपल्या घरचं!"

साहेब म्हणजे तालुक्यातले एक पुढारी. त्यांचा फोटो आमच्या भागात विजेच्या खांबांपेक्षा जास्त ठिकाणी आहे.

"अण्णा, ती आज आप्पांकडे पोचव. उद्घाटनाला दुसरं काहीतरी घ्या."

"दुसरं काय हाय? एकाचं मोबाइलचं कव्हर आलंय. ते साहेबांच्या हातात देऊ व्हय? आनि चार दिसांनी आप्पाचं काय बिघडतंय? घरात खुर्च्या न्हाईत?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते आप्पांचं होतं. संध्याकाळी आईचा चिंचेखालून फोन आला तेव्हा मी म्हटलं, आप्पांना विचार, अण्णाला सांगू का? आई चिंचेखालून घरात गेली, परत आली. "न्हाय म्हणतात. म्हणतात, ऱ्हातो तसाच." तसाच म्हणजे उपाशी. मला त्या क्षणी आप्पांच्या अब्रूचा, अण्णाच्या अध्यक्षपणाचा आणि त्या 'केंद्र' नावाच्या बटणाचा सारखाच राग आला.

रविवारी सकाळच्या गाडीनं गुंजीला उतरले आणि रिक्षा करून थेट दुकान गाठलं. खताची पोती एका बाजूला सारून तिथे टेबल मांडलं होतं, दारात मांडव. वर कापडी फलक. त्यावर कन्नड वर घ्यायचं की मराठी यासाठी दोन बैठका झाल्या होत्या म्हणे, आणि शेवटी तडजोड म्हणून वर इंग्रजी घेतलं होतं. खोका टेबलावर होता. शेंदराचा टिळा लावलेला. त्यावर एकच शब्द, चेअर. माझ्या जादा पैशांचा शब्द.

"माझं पार्सल आहे ते, देता का?" मी दुकानदाराला म्हटलं.

"देतो की आक्का. ओटीपी सांगा."

"ओटीपी अण्णाकडे आहे."

"मग अण्णास्नी येऊ द्या," तो म्हणाला. त्यात त्याची काही चूक नव्हती. गुप्तता जपायची त्यांचीही पद्धत होती, फक्त ती माझ्याविरुद्ध चालली होती.

साहेब बऱ्याच उशिरानं आले. तोवर झेंडूचा, खताचा आणि घामाचा असा मिळून एक वास मांडवात साचला होता, त्यानं माझं डोकं चढलं. अण्णानं प्रास्ताविक केलं. साहेबांनी भाषण केलं. क्रांती आता तुमच्या दारात आली आहे, असं ते म्हणाले. दारात आली असती तर काय हवं होतं! ती इथे खताच्या दुकानात शेंदूर लावून बसली होती.

मग अण्णानं ओटीपी माइकवरून वाचून दाखवला. टाळ्या पडल्या. ओटीपीला टाळ्या पडलेल्या मी पहिल्यांदाच ऐकल्या. एका ताटातून कात्री आली, साहेबांनी चिकटपट्टी कापली, आणि कार्यकर्त्यांनी थर्माकोल बाजूला करून खुर्ची बाहेर काढली. निळी, चकचकीत, चाकांवर हलणारी.

"आय्यो, काय झ्याक हाय!" कुणीतरी म्हणालं.

खोक्यावर चित्र असतं तर हे तिथेच थांबलं असतं. लोक हसले असते, आप्पांची शोभा झाली असती, पण थांबलं असतं. आता थांबवायला काहीच नव्हतं. खुर्चीच्या दोन्ही हातांवर हळदकुंकू लागलं. पाठीला हार पडला. चाकापाशी नारळ फुटला. मग खोक्याच्या तळातून एकानं ती पांढरी बादली काढली, झाकणासकट.

"ही बादली बी दिलीया बघा!"

"फुकट?"

"वर फुकट. कंपनी चांगली हाय."

प्रसादाला ताट कमी पडत होतं. खोबऱ्याचे तुकडे आणि साखर त्यांनी त्या बादलीत ओतली, आणि एकजण ती घेऊन माणसामाणसांतून फिरू लागला. आमच्याकडे जेवणावळीत आमटीपासून ताकापर्यंत सगळं बादलीतूनच वाढतात, तेव्हा त्यात कुणाला काही वावगं वाटायचं कारण नव्हतं. बादली कोरी होती, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होते. कोरीच होती. तरी ती माझ्यापुढे आली तेव्हा मी हात मागे घेतला.

"घे की गं," अण्णा म्हणाला.

"उपास आहे."

"आयतवारचा?"

"आयतवारचा."

साहेबांसाठी मांडववाल्याकडून सोफा यायचा होता, तो आला नव्हता. प्लास्टिकच्या खुर्चीत ते बसले तर खुर्चीचं काय होईल, याची कार्यकर्त्यांना काळजी होती. अण्णाच्या डोक्यात प्रकाश पडला. "साहेब, इथं बसा की! आमच्या आप्पांच्या खुर्चीत. तुमी बसला म्हंजे तिचं बी उद्घाटन झालं."

साहेब बसले. ऐसपैस बसले. चाकं सरकली, दोघांनी मागून धरली. फोटो निघाले. गळ्यात हार, मांडीवर श्रीफळ, हातात खोबरं, आणि खाली माझ्या वडिलांचा संडास. सत्तेची आसनं मी पुस्तकांतून पुष्कळ पाहिली आहेत, पण इतकं प्रामाणिक एकही नाही. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी आप्पांच्या ताटाचा विचार करत होते, आणि या सगळ्यांचा, माझ्यासकट, मला वीट आला होता.

"लई आरामाची हाय की रं," साहेब हात फिरवत म्हणाले. "अशी आमच्या ऑफिसला पायजे."

एवढं पुरेसं होतं. अण्णा माइककडे धावला. "साहेबांना ही खुर्ची पसंत पडली, हे आमच्या घराण्याचं भाग्य! ही खुर्ची मी आमच्या कुटुंबातर्फे साहेबांना भेट म्हणून..."

पुढचं टाळ्यांत बुडालं. दोघं कार्यकर्ते गाडीची डिकी उघडायला निघालेसुद्धा. नवी मागवायची म्हणजे पुन्हा तोच प्रश्न, माल कसा हवा, पुन्हा तितक्याच रात्री वाट पाहायची, आणि आप्पा तोवर घोटभर पाण्यावर. माइकवरून खरं सांगावं, तर आप्पा उरलेलं आयुष्य परड्यातही दिसले नसते.

मी उठले आणि साहेबांपाशी गेले. ते उठून उभे होते. मी लोकांकडे पाठ करून खुर्चीला आडवी उभी राहिले.

"साहेब, नेण्याआधी वापरायची रीत दाखवते," मी म्हटलं, आणि गादी चार बोटं उचलली.

त्यांनी वाकून पाहिलं. त्यांच्या घरातही म्हातारं माणूस असावं, कारण ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. आधी त्यांनी भोकाकडे पाहिलं. मग भोकाच्या गोलाईकडे. मग शेजारी उभ्या असलेल्या कार्यकर्त्याच्या हातातल्या बादलीकडे, जिची गोलाई तेवढीच होती. त्यांचं चावणं थांबलं. तोंडात खोबरं होतं. ते थुंकावं की गिळावं, हे त्यांना भर मांडवात ठरवायचं होतं. त्यांनी गिळलं. राजकारणात माणूस काय काय गिळतो हे ऐकून होते, त्या दिवशी पाहिलं.

"वडलांची का?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"हो. त्यांनी कुणाला सांगायला नको म्हटलंय."

"सांगू नगा," ते घाईनं म्हणाले. "कुणालाच सांगू नगा."

आणि मी गादी सोडली. माझ्या वडिलांची अब्रू आणि त्यांची अब्रू आता एकाच गादीखाली होती. गुप्ततेची याहून भक्कम सोय कुठल्याही विक्रेत्याकडे मिळाली नसती.

साहेबांनी माइक हातात घेतला. मुलीनं बापासाठी प्रेमानं मागवलेली वस्तू मी नेणार नाही, असं ते म्हणाले. आईवडिलांच्या सेवेवर ते बराच वेळ बोलले. बायकांनी डोळे पुसले. अण्णानंही पुसले. मग साहेबांनी हात धुवायला पाणी मागितलं, साबण मागितला, पुन्हा पाणी मागितलं, आणि जेवायला न थांबता गेले.

"काय सांगितलंस गं त्यास्नी?" अण्णा म्हणाला.

"ब्रेक कसा लावायचा ते."

"आता वाजत-गाजत नेऊया घराकडं. हलगीवाला हाय अजून."

"आप्पा झोपलेत," मी म्हटलं, आणि बादली गादीवर ठेवून खुर्ची स्वतः ढकलत निघाले. पुढच्या रस्त्यानं नाही. घरांच्या मागून, उकिरड्यांच्या कडेनं, परड्यापरड्यांतून. चाकं मातीत रुतत होती, हार दर हिसक्याला गळत होता. एका परड्यात भांडी घासणाऱ्या म्हातारीनं मला पाहिलं. मग खुर्चीकडे पाहिलं, मी कुठल्या दाराकडे चालले आहे ते पाहिलं, आणि मान वळवून पुन्हा पातेलं घासायला लागली. त्या दिवसातली तेवढीच एक गोष्ट मला नीट झालेली वाटली.

आई दारात होती. तिनं बादलीत डोकावून पाहिलं. तळाशी खोबऱ्याचा एक तुकडा साखरेत चिकटून राहिला होता. तिनं तो काढला, कपाळाला लावला, आणि मी "आई, ते..." म्हणेपर्यंत तोंडात टाकला.

"परसाद हाय गं," ती म्हणाली.

आप्पा खाटेवर बसले होते. त्यांनी खुर्ची वरपासून खालपर्यंत पाहिली. हातांवरचं कुंकू पाहिलं.

"मागल्या दारानं आली न्हवं?"

"शेवटी मागल्याच दारानं आली."

"मधी कुटं गेलती?"

मी सांगितलं. मांडव, नारळ, बादली, साहेब, चार बोटं गादी. काही लपवलं नाही. त्यांना इतरांच्या भानगडी ऐकायची सवय होती, स्वतःची पहिल्यांदाच ऐकत होते. ऐकताना त्यांचा चेहरा कार्ड वाचलेल्या पोस्टमनचाच राहिला.

"म्हंजे त्यो बसलाता हिच्यावर?"

"बसला होता. बराच वेळ."

आप्पांनी खुर्चीकडे जरा किळसल्यासारखं पाहिलं.

"मग आदी धुऊन घे जा," ते म्हणाले. "गरम पान्यानं."

मी परड्यात नेऊन खुर्ची घासली. हळदीचा डाग हातावरून गेला नाही, शेवटपर्यंत राहिला. पुसून आत आणली, भिंतीशी लावली, ब्रेक लावला, वर आईची धुवट चादर टाकली. आप्पांनी एकदा हात टेकून ती हलते का ते पाहिलं. हलली नाही. मग ते चुलीकडे तोंड करून आईला म्हणाले, "आज दोन भाकरी टाक. आनि पानी भरून ठेव तांब्यात."